फवारणीचें विष आणि विषाचा कायदा

कापसावर, तुरीवर, द्राक्षावर अगर भाजीपाल्यावर जें कांहीं आपण पंपानें मारितों, त्यास 'औषध' म्हणण्याची चाल आपल्या साऱ्या महाराष्ट्रांत पडून गेली आहे. 'औषध आणलें', 'औषध मारलें', 'यंदा दोन औषधें जास्त लागलीं', हीं वाक्यें आपल्या तोंडीं इतकीं बसलीं आहेत कीं, त्या डब्यांत वस्तुतः विष आहे ही गोष्ट मनास शिवत नाहीं. औषध म्हटलें कीं तें अंगास लागलें तरी फारसें वाईट नाहीं, अशी समजूत आपोआप होते. कायद्याच्या पुस्तकांत मात्र असा भ्रम नाहीं. तेथें या वस्तूस कीटकनाशक म्हटलें असून, ती करणारानें, विकणारानें व वाहून नेणारानें काय काळजी घ्यावी याचे नियम दिले आहेत. ते नियम कसे झाले, आणि आपल्या शेतांत राबणाऱ्या माणसाचें रक्षण करण्यास ते आज कां अपुरे पडतात, हा विचार वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा हेतु आहे. हा विषय सरकारी खात्याचा किंवा वकिलांचा आहे असें समजून कोणीं पान उलटूं नये. पंप ज्याच्या पाठीवर असतो तो माणूस बहुधा आपणच बोलाविलेला असतो.

आपल्या देशांतील हा कायदा एका मोठ्या अनर्थांतून जन्मला. १९५८ सालच्या उन्हाळ्यांत केरळ व मद्रास या राज्यांत गव्हाच्या पिठाचे पदार्थ खाऊन शंभरांहून अधिक माणसें मरण पावलीं. पॅराथिऑन नांवाचें कीटकनाशक खाद्यमालाबरोबर एकाच जहाजांतून आलें होतें, व तें गळून त्या मालांत मिसळलें होतें. न्यायमूर्ति शहा यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी आयोग बसला, पुढें तज्ज्ञांच्या समित्या झाल्या, आणि दहा वर्षांनीं, म्हणजे १९६८ सालीं, कीटकनाशक कायदा संमत झाला. त्याखालचे नियम १९७१ सालचे. ही जन्मकथा आम्ही मुद्दाम सांगितली, कारण कायद्याचा सारा घाट तिच्यावरूनच ठरला आहे. विष कोठें बनतें, कोणत्या डब्यांत भरलें जातें, कोणत्या गाडींतून जातें, कोणत्या दुकानांत राहतें, येथपर्यंत कायद्याची नजर बारीक आहे. दुकानाचा उंबरठा ओलांडून डबा शेतांत गेला कीं ती नजर मंद होते.

कायद्यानें कांहींच केलें नाहीं असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. नोंदणीवांचून कोणतेंही कीटकनाशक या देशांत बनवितां अगर आणितां येत नाहीं, परवान्यावांचून विकतां येत नाहीं. केंद्रीय कीटकनाशक मंडळाचें अध्यक्षपद कायद्यानेंच आरोग्यसेवेच्या महासंचालकांकडे दिलें आहे, यावरून कायदा करणारांच्या मनांत लोकांच्या आरोग्याची चिंता होती हें उघड आहे. परंतु मंडळाचें काम सल्ला देण्याचें. नोंदणी देणारी समिति निराळी. डब्यावर जो चौकोन असतो व त्यांत रंगाचा जो त्रिकोण असतो, तोही याच नियमांनीं आला. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याखालचा, मग निळा, मग हिरवा. हें वाचकांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेल. पण हा रंग कशावरून ठरतो हें थोड्यांस ठाऊक असेल. विष पोटांत गेल्यास किंवा कातडीस लागल्यास किती मात्रेनें प्राण जातो, यावर तो ठरतो. नाकावाटे, श्वासाबरोबर, तासचे तास बारीक तुषार छातींत गेल्यास काय होईल, याविषयीं त्रिकोण कांहीं सांगत नाहीं. शिवाय तो एका डब्याचा रंग. पिवळ्या त्रिकोणाचे दोन डबे आणि एक 'टॉनिक' मिळून पंपांत जें कालवण तयार होतें, त्याचा रंग कोणता, हें कोणत्याही नियमांत लिहिलेलें नाहीं.

आणि हेंच कालवण २०१७ सालच्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत माणसांच्या जिवावर उठलें. त्या वर्षीं पऱ्हाटी पुरुषभर वाढली होती. बोंडअळीस दाद न देणारें म्हणून जें बियाणें आपण वर्षानुवर्षें पैसे मोजून घेतलें, त्यावर गुलाबी बोंडअळीनें मात केली होती. घाबरलेला शेतकरी दुकानदार सांगेल तें, सांगेल तितकें, एकांत एक मिसळून मारीत होता. दुकानदाराकडे उधारीचें खातें असलें म्हणजे त्याचा सल्ला मोडणें सोपें नसतें, हें आम्ही वाचकांस सांगावयास नको. पंपाचा तुषार उंच झाडांवरून फवारणाऱ्याच्याच तोंडावर परत येई; दमट हवा, घामानें भिजून अंगास चिकटलेला सदरा, नाकावर फार तर एक रुमाल. जिल्ह्यांत वीसांहून अधिक माणसें मेलीं, शेंकडों रुग्णालयांत पडलीं, कित्येकांची दृष्टि कांहीं काळ गेली. मेलेल्यांत स्वतःचें शेत फवारणारे होते, तसेच रोजानें दुसऱ्याचें शेत फवारणारे मजूरही होते.

रुग्णालयांत डॉक्टरांपुढें अडचण निराळी. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विष असेल तर तें शरीरांतील कोलिनेस्टरेज नांवाच्या द्रव्यास निकामी करितें. रक्त तपासून हें कळतें, आणि ॲट्रोपीन व प्रॅलिडॉक्सीम हे त्यावर उतारे आहेत. परंतु सायपरमेथ्रिनच्या जातीच्या विषास नेमका उतारा नाहीं. पॅराक्वाट या तणनाशकास तर उतारा मुळींच नाहीं, आणि तरीही तें आपल्या देशांत नोंदलेलें आहे. चार विषांचें मिश्रण पोटांत नव्हे तर छातींत गेलेला माणूस शुद्धीवर नसतां खाटेवर येतो. त्याच्याबरोबर आलेल्यांस डब्यांचीं नांवें ठाऊक नसतात, कारण डबे मालकाच्या घरीं. मग डॉक्टरानें कोणता उतारा द्यावा?

सरकारनें चौकशीसाठीं खास पथक नेमलें, आणि नोव्हेंबर महिन्यांत पश्चिम विदर्भाच्या पांच जिल्ह्यांत पांच कीटकनाशकांच्या विक्रीस बंदी केली. ही बंदी साठ दिवसांची होती. सरकारनें हात आंखडता घेतला असें कोणी म्हणेल, पण तसें नाहीं; कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमानें इतकाच अधिकार दिला आहे. माणसांस अगर जनावरांस धोका दिसल्यास राज्य सरकारानें साठ दिवस विक्री थांबवावी, चौकशी पुरी न झाल्यास आणखी तीस दिवस, आणि पुढचें सारें दिल्लीवर सोंपवावें. शेतकी हा विषय घटनेनें राज्यांकडे दिला, आजारी पडलेल्यास औषधपाणी करण्याचें ओझेंही राज्याच्याच रुग्णालयांवर, पण तें विष कायमचें थांबविण्याची सत्ता मात्र राज्यास नाहीं. नोव्हेंबरांत कापसाची वेचणी चाललेली असते. फवारणीचा मुख्य हंगाम तेव्हां सरत आलेला असतो. तेव्हां सुरू झालेली बंदी पुढच्या मृगापूर्वीं केव्हांच संपते. कायदा मोडला नाहीं, आणि काम तर कांहींच झालें नाहीं, अशी ही व्यवस्था आहे.

याच कलमाचा उपयोग पंजाबनें २०२२ सालीं केला. बासमतीवर दहा कीटकनाशकें वापरूं नयेत म्हणून तेथें साठ दिवसांची विक्रीबंदी झाली. कारण काय, तर तांदळांत विषाचा अंश राहिला तर परदेशचा व्यापारी माल परत करितो. आपल्याकडील द्राक्षबागाईतदारांस ही गोष्ट नवी नाहीं. २०१० सालीं क्लोरमेक्वाट क्लोराईडचा अंश सांपडून युरोपांत द्राक्षें अडकलीं, बागाईतदारांस मोठा फटका बसला, आणि त्यानंतर पाळत कशी कडक झाली हें नाशिक व सांगलीकडील वाचक जाणतात. निर्यातीचा प्रत्येक प्लॉट नोंदला जातो, काढणीपूर्वीं नमुना प्रयोगशाळेंत जातो, पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची देखरेख असते. हें उत्तमच झालें. परंतु यावरून एक गोष्ट सिद्ध होते. देखरेख करणें अशक्य आहे, आपला देश मोठा आहे, शेतकरी अडाणी आहे, हीं जीं कारणें नेहमीं पुढें केलीं जातात तीं खरीं नाहींत. लंडनच्या गिऱ्हाइकाच्या ताटांतील द्राक्षासाठीं जी दक्षता आपण घेऊं शकलों, ती त्याच बागेंत पंप मारणाऱ्या गड्यासाठीं घेतां येणार नाहीं, असें कोणत्या तोंडानें म्हणावयाचें?

कायद्याचें दुसरें मोठें व्यंग नोंदणीसंबंधीं आहे. एकदां नोंदणी मिळाली कीं तिला मुदत नाहीं. युरोपांत कोणत्याही विषद्रव्यास पहिली मान्यता दहा वर्षांहून अधिक मिळत नाहीं. अमेरिकेंत दर पंधरा वर्षांनीं फेरतपासणी होते. आपल्याकडे १९७० च्या सुमारास जें नोंदलें गेलें तें, कोणी मुद्दाम समिति नेमून उकरून काढीपर्यंत, तसेंच चालूं राहतें. २०१३ सालीं अनुपम वर्मा समिति नेमली गेली. इतर देशांत बंद झालेलीं पण येथें चालूं असलेलीं ६६ कीटकनाशकें तिच्यापुढें होतीं. तिनें २०१५ च्या अखेरीस अहवाल दिला. त्यावरून अठरा विषांवर बंदीचा हुकूम निघाला तो २०१८ सालीं, आणि त्यांतील सहांस तर २०२० च्या अखेरपर्यंत मुदत दिली. मे २०२० मध्यें आणखी सत्तावीस विषांवर बंदीचा मसुदा प्रसिद्ध झाला. कारखानदारांनीं हरकती घेतल्या, फेरविचार झाला, आणि २०२३ सालीं त्या सत्ताविसांपैकीं डायकोफॉल, डायनोकॅप व मेथोमिल या तिघांवर पूर्ण बंदी आली. दहा वर्षांच्या खटाटोपाचें हें फळ.

मोनोक्रोटोफॉसची हकीकत तर प्रत्येक शेतकऱ्यानें लक्षांत ठेवावी अशी आहे. लाल त्रिकोणाचें, स्वस्त, दुकानोदुकानीं मिळणारें हें विष २००५ सालीं भाजीपाल्यावर वापरण्यास बंद झालें. पण कापसासाठीं तोच डबा त्याच फळीवर राहिला. वांग्यावर मारूं नये व कापसावर मारावें, हा भेद डब्यास कळत नाहीं, आणि गरजेच्या वेळीं माणसासही कळत नाहीं. १६ जुलै २०१३ रोजीं बिहारांत सारण जिल्ह्यांतील गंडामन या गांवीं शाळेंतील दुपारचें जेवण जेवून तेवीस मुलें मेलीं. त्या अन्नांत मोनोक्रोटोफॉस होतें. मुलें मेलीं तरी नोंदणी जिवंतच राहिली. २०१७ सालीं यवतमाळास ज्या पांच विषांवर साठ दिवसांची बंदी आली त्यांत तें होतें. अखेर २०२३ सालीं त्याच्या नेहमीच्या द्रवरूप मालावर बंदीचा हुकूम निघाला, तोही शिल्लक माल मुदत संपेपर्यंत विकण्याची मुभा ठेवून. भाजीवरील बंदीपासून मोजलें तर मध्यें अठरा वर्षें गेलीं.

येथें आमचे कांहीं वाचक अस्वस्थ होतील, हें आम्ही जाणतों. ते म्हणतील, स्वस्त विषें गेलीं कीं महाग विषें घ्यावीं लागतात. कीड थांबून वाट पाहत नाहीं. मुंबई-दिल्लींत बसून बंदी सांगणारांस एकरीं खर्च काय येतो याची कल्पना नसते. या म्हणण्यांत तथ्य आहे आणि आम्ही तें हंसण्यावारी नेणार नाहीं. पण अनुभव काय सांगतो तेंही पाहावें. शेजारच्या श्रीलंकेनें १९९५ सालापर्यंत सर्वांत जहाल वर्गांतील कीटकनाशकें बंद केलीं व १९९८ सालीं एन्डोसल्फान बंद केलें. त्या देशांत विष घेऊन जीव देण्याचें प्रमाण फार मोठें होतें. १९९५ सालीं आत्महत्यांचें प्रमाण दर लाख लोकसंख्येमागें ४७ होतें, तें २००५ सालीं २४ वर आलें. आणि भाताचें उत्पन्न या बंदीमुळें घटलें नाहीं. (२०२१ सालीं त्याच देशानें रासायनिक खतें एकदम बंद करून जो गोंधळ करून घेतला, त्याच्याशीं याची गल्लत करूं नये. तो प्रकार एका रात्रींत झालेला. हा पूर्वतयारीनें व निवडक विषांपुरता.) आपल्याकडेही १९८९ सालीं शेतींत डी. डी. टी. बंद झालें, २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एन्डोसल्फान थांबविलें. केरळांतील कासारगोडच्या काजूच्या मळ्यांभोवतालच्या गांवांनीं त्या एन्डोसल्फानची किंमत पिढीजात आजारांनीं मोजली आहे. एन्डोसल्फान गेल्यावर कापसाचा पेरा थांबला, असें आम्ही कोठें पाहिलें नाहीं.

आतां संरक्षणाच्या पोषाखाविषयीं. नियमांत तो आहे. विष बनविणें, वाहणें, विकणें व वापरणें, या सर्व कामांत माणसाचें अंग झांकलेलें असावें. अंगरखा, रबरी हातमोजे, चष्मा, बूट असावे, असें नियम म्हणतात. कारखान्यांत हें पाहण्यास कोणी तरी जातो. शेतांत कोण जातो? आणि गेला तरी भाद्रपदांतल्या उन्हांत रबरी कपडे घालून उंच पऱ्हाटींत आठ पंप मारून दाखविणारा माणूस आम्हांस भेटावयाचा आहे. ही अडचण जगास ठाऊक आहे. कीटकनाशकांविषयीं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेतकी संघटनेनें व जागतिक आरोग्य संघटनेनें जी आचारसंहिता केली आहे, तींत स्पष्ट म्हटलें आहे कीं, ज्या विषासाठीं गैरसोयीचा, महाग अगर सहज न मिळणारा पोषाख लागतो तें, विशेषतः उष्ण देशांतील लहान शेतकऱ्यांनीं व मजुरांनीं वापरण्याच्या बाबतींत, टाळावें. हें तत्त्व आपल्या कायद्यांत शब्दशः आलें पाहिजे. पोषाखावांचून जें मारतां येत नाहीं आणि पोषाख घालून ज्या हवेंत काम करतां येत नाहीं, तें विष त्या हवेंत विकूं देऊं नये. डब्याच्या आंतील बारीक अक्षरांची घडी दाखवून कारखानदारानें हात झटकावे, ही सोय बंद झाली पाहिजे. यवतमाळकडील कित्येक मजुरांची मातृभाषा कोलामी अगर गोंडी आहे, आणि घडी मराठींत असली तरी ती वाचावयास भिंग लागतें.

दुखापत झालेल्याचें काय, हा प्रश्न सर्वांत कठीण, आणि १९६८ चा कायदा त्याविषयीं मुका आहे. आपल्या राज्यांत गोपीनाथ मुंडे यांच्या नांवाची शेतकरी अपघात योजना आहे. तींत खातेदारास व त्याच्या कुटुंबांतील एका माणसास आधार मिळतो. योजना चांगली आहे. पण तिचें दार सातबारा उताऱ्याच्या किल्लीनें उघडतें. ज्याचें नांव उताऱ्यावर नाहीं तो सालदार, तो रोजमजूर, जो खरोखर सर्वांत अधिक पंप मारितो, तो दाराबाहेर राहतो. आम्ही जमीनधारकांच्या संघाचें मासिक चालवितों, म्हणूनच हें आम्हीं बोललें पाहिजे. कायदा सुधारतांना सगळा बोजा शेतमालकावर टाकण्याचा प्रयत्न झाल्यास आम्ही त्यास विरोध करूं. चुकीचें मिश्रण सुचविणारा दुकानदार आणि धोका ठाऊक असून माल खपविणारा कारखानदार सुटावा व चार एकरांचा धनी कोर्टांत उभा राहावा, हा न्याय नव्हे. परंतु मालकावर कांहींच जबाबदारी नसावी, असेंही आम्ही म्हणूं शकत नाहीं. विषाच्या विक्रीवर थोडी पट्टी कारखानदारांकडून घेऊन तिचा फंड करावा, आणि फवारणींत मेलेल्या अगर अपंग झालेल्या कोणाही माणसास, त्याच्या नांवावर जमीन असो वा नसो, त्यांतून भरपाई द्यावी. मालकानें एवढें करावें कीं मारलेल्या विषाची चिठ्ठी, तारीख व गड्याचें नांव एका वहींत ठेवावें. द्राक्षवाले अशी वही आजही ठेवितात.

कायदा बदलण्याचे प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. २००८ सालीं एक विधेयक संसदेंत मांडलें गेलें व तें मागें पडलें. मार्च २०२० मध्यें राज्यसभेंत दुसरें मांडलें गेलें, तें पुढें स्थायी समितीकडे गेलें. त्यांत दंड व शिक्षा वाढविण्यावर भर होता. बनावट माल विकणारास जबर शिक्षा व्हावी यांत दुमत नाहीं. पण यवतमाळास माणसें मेलीं तीं केवळ बनावट मालानें नव्हे, नोंदलेल्या, परवाना असलेल्या, पावती मिळालेल्या मालानेंही मेलीं. जो मसुदा फक्त भेसळीशीं भांडतो तो या मरणांशीं भांडत नाहीं. नोंदणीस दहा वर्षांची मुदत, फेरतपासणींत आरोग्यखात्याच्या मतास निर्णायक वजन, धोकादायक विष फेरतपासणी होईपर्यंत थांबविण्याचा राज्यास अधिकार, आणि इजा झालेल्यास हक्काची भरपाई, इतकें ज्यांत नाहीं त्या विधेयकास सुधारणा म्हणण्यास आम्ही तयार नाहीं. नवा मसुदा हरकतींसाठीं प्रसिद्ध होतो तेव्हां कारखानदारांच्या संस्था आपलीं लेखी मतें वेळेवर पाठवितात. शेतकऱ्यांच्या किती संस्था पाठवितात, याचा शोध प्रत्येक तालुका शाखेनें आपल्या दप्तरांतच घ्यावा.

दिल्लीचा कायदा होईपर्यंत राज्य सरकारास हात बांधून बसण्याचें मात्र कारण नाहीं. याच जुन्या कायद्याच्या सव्विसाव्या कलमानें विषबाधेची प्रत्येक घटना कळविण्याची सक्ति करण्याचा अधिकार राज्यास दिला आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून खासगी दवाखान्यापर्यंत प्रत्येकानें, कोणत्या विषानें, कोणत्या पिकावर, किती तास फवारून माणूस आजारी पडला, हें कळवावें, व तो तक्ता जिल्हावार दर महिन्यास प्रसिद्ध व्हावा. तसेंच जुलै ते नोव्हेंबर कापसाच्या प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयांत कोलिनेस्टरेजची तपासणी व दोन्ही उतारे हजर असावेत. खर्च फार नाहीं. या दोन मागण्यांचा ठराव येत्या खरिपापूर्वीं आपल्या प्रत्येक शाखेनें करून जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावा, व त्याची एक प्रत आमच्याकडे धाडावी. आलेले ठराव व त्यांस मिळालेलीं उत्तरें आम्ही या मासिकांत छापूं.